आधी ताट, मग काढा, मग गोळी: नैसर्गिक पोषणाची सुरुवात नेमकी कशी करायची

नैसर्गिक खाणं, औषधी वनस्पती, मिनरल्स असं काहीतरी सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात पाच-सहा डबे आणून ठेवतात, एक पावडर सकाळी उपाशीपोटी, एक रात्री दुधातून, मधे दोन कॅप्सूल, आणि मग महिन्याभराने पोट बिघडलं तरी कशाने बिघडलं ते कळत नाही आणि बरं वाटलं तरी कशाने वाटलं तेही कळत नाही. म्हणून नवीन असाल तर हे क्रमाने करा. आधी रोजचं ताट, मग खाल्लेलं अंगी लागावं यासाठीच्या बारीक गोष्टी, मग मिनरल्स, मग वनस्पती, आणि गोळ्या सगळ्यात शेवटी, त्याही गरज असेल तरच. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो कारण पैसे आणि तब्येत दोन्ही वाया जातात ते बहुतेक वेळा क्रम उलटा लावल्यामुळे.

सुरू करण्याआधी

एक वही घ्या, मोबाईलमधली नोट्सची जागा पण चालेल. त्यात सध्या चालू असलेली सगळी औषधं लिहा, डोससकट. हे पुढे वनस्पतींच्या पायरीला लागणार आहे, तेव्हा आळस नको. दुसरं, बरेच दिवस थकवा, केस गळणं, पायात गोळे, मुंग्या असं काही असेल तर डॉक्टरांशी बोलून साधी ब्लड टेस्ट करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह दाखवणारी टेस्ट), बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉईड. थकवा लोहाच्या कमतरतेचा असू शकतो, थायरॉईडचा असू शकतो, नुसता झोपेचा पण असू शकतो, आणि तिन्हीचा उपाय वेगळा आहे. अंदाजाने लोहाच्या गोळ्या खाणं तर अजिबात नको, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं.

पायरी १: ताट

जागतिक आरोग्य संघटनेचे तीन आकडे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला पुरतात. मोठ्या माणसाने दिवसाला भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम (बटाटा, रताळं यात धरायचं नाही), फायबर किमान २५ ग्रॅम, आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी. ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण एक छोटा चमचा, आणि त्यात बिस्किटं, सॉस, लोणचं, पाकिटातलं खाणं सगळ्यातलं मीठ आलं.

आता हे एकदम करायला जाऊ नका. आतापर्यंत फायबर कमी खात असाल आणि उद्यापासून अचानक दोन वाट्या कडधान्य, कोंड्यासकट पीठ आणि मोठं बाऊल सॅलड सुरू केलंत तर गॅस होणार, पोट फुगणार आणि "मला हे सोसत नाही" म्हणून चार दिवसांत सगळं बंद होणार. आठवड्याला एकच बदल करा. पहिल्या आठवड्यात एका जेवणात एक भाजी जास्त. दुसऱ्यात पांढऱ्या धान्याच्या जागी एक वेळ अख्खं धान्य. तिसऱ्यात रोज एक वाटी डाळ किंवा कडधान्य. चौथ्यात मूठभर दाणे-बिया, शेंगदाणे, बदाम, तीळ, भोपळ्याच्या बिया जे मिळेल आणि परवडेल ते. सोबत पाणी वाढवा, नाहीतर फायबर उलट पोट धरून ठेवतं.

महागड्या, लांबून आलेल्या "सुपरफूड" मागे लागायची काही गरज नाही. डाळ, पालेभाजी, तीळ, अंडी, दही, मोसमी फळ यात जे आहे ते कुठल्याही चकचकीत पाकिटापेक्षा कमी नाही आणि हे रोज खाता येतं, जे जास्त महत्त्वाचं आहे.

पायरी २: खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे

ही पायरी लोक सोडून देतात, माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिच्यातच आहे आणि खर्च शून्य.

धान्य, कडधान्य आणि बियांमधे फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह, झिंक, कॅल्शियम यांना धरून ठेवतो त्यामुळे ती शरीराला पूर्ण मिळत नाहीत. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी तो कमी होतो. मोड आणायचे तर मुगापासून सुरुवात करा, सगळ्यात सोपे. दोन-तीन पाण्यात धुवा, भरपूर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि दोन-चार दाणे नखाने दाबून बघा, सहज दबले म्हणजे भिजलेत. जे खड्यासारखे टणक राहिले ते गणंग, ते आत्ताच वेचून काढा, नंतर दाताखाली येतात. मग सुती फडक्यात सैलसर बांधून चाळणीत ठेवा, वर झाकण, खाली निथळायला जागा. उबदार हवेत रात्रीपर्यंत पांढरे कोंब दिसतात, थंडीत दीड-दोन दिवस पण लागतात. मधे एकदा फडकं उघडून वास घ्या. ताजा, कच्च्या शेंगेसारखा वास आला तर छान. आंबूस वास आला, दाणे बोटाला चिकट लागले, तार सुटली, तर मोह न धरता टाकून द्या. आणि कोंब कितीही कोवळे दिसले तरी वाफवून खा. मोड येतात त्याच उबदार ओलाव्यात जंतू पण वाढतात, त्यामुळे गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड द्यायचेच नाहीत.

राजम्याची गोष्ट वेगळी आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, थोडे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या होतात. किमान ५ तास भिजवा, पाणी फेका, नवीन पाण्यात खळखळ उकळी आल्यावर किमान १० मिनिटं ती उकळी राहू द्या, मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या स्लो कुकरमधे थेट टाकू नका, तिथे तेवढं तापमान येत नाही.

जवसाचं एक सांगते. अख्खं जवस बऱ्याचदा जसंच्या तसं पोटातून बाहेर जातं, म्हणून भरडून किंवा दळून खा, पण दळल्यावर त्यातलं तेल हवेने लवकर खवट होतं. आठवड्यापुरतंच दळा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमधे ठेवा, आणि रंग लावल्यासारखा वास आला तर फेकून द्या.

भाज्यांमधलं व्हिटॅमिन सी आणि फोलेट (बी गटातलं एक व्हिटॅमिन) पाण्यात विरघळतं, उष्णतेने कमी होतं. चिरून धुण्यापेक्षा धुवून चिरा, कमी पाण्यात शिजवा, उरलेलं पाणी सूपमधे किंवा डाळीत घाला. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

पायरी ३: मिनरल्स, एकेक करून

लोहापासून सुरुवात करू कारण कमतरता सगळ्यात जास्त याचीच दिसते, त्यातही पाळी चालू असलेल्या बायकांमधे. मांस-मासे यातलं लोह शरीर चांगलं उचलतं, साधारण १५ ते ३५ टक्के, आणि डाळी, पालेभाज्या, बिया यातलं त्याहून बरंच कमी. पण हे दुसऱ्या प्रकारचं लोह वाढवता येतं: त्याच जेवणात व्हिटॅमिन सी असलं पाहिजे. डाळीवर लिंबू, कडधान्यासोबत कच्चा टोमॅटो किंवा ढोबळी मिरची, जेवणानंतर पेरू किंवा संत्रं. त्याच जेवणात म्हणजे त्याच जेवणात, सकाळी लिंबूपाणी घेऊन रात्रीच्या डाळीला उपयोग नाही. आणि जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या चहा-कॉफी घेत असाल तर ती सवय आधी बदला, चहातल्या टॅनिनमुळे वनस्पतींमधलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जाऊ शकतं. एक-दीड तास अंतर ठेवा, चहा सोडायची गरज नाही. लोखंडी कढईत टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट घालून शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं, ते पण कामाचं आहे.

पालकाबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. पालकात कॅल्शियम आहे पण सोबत त्याला धरून ठेवणारं ऑक्झलेट एवढं आहे की त्यातलं जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास लागतं. पालक खा, फोलेट आणि व्हिटॅमिन के साठी मस्त आहे, पण कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नका. दूध, दही, नाचणी, काटे खाता येतील असे छोटे मासे, टोफू, कोबीच्या जातीतल्या हिरव्या भाज्या यांच्याकडे जा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं, १०० मिली दुधात साधारण १२० असतं, बाकीचा हिशोब तुम्ही करा. आणि रोज सकाळी मोठा ग्लासभर कच्च्या पालकाचा रस घेणं बंद करा, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच, ऑक्झलेट किडनीवर येतं.

आता मीठ. गुलाबी मीठ, काळं मीठ, समुद्री मीठ, सैंधव, यावर लोक फार खर्च करतात. गुलाबी मिठात सुद्धा ९७-९८ टक्के सोडियम क्लोराईडच असतं, उरलेल्यात जी खनिजं आहेत ती इतकी कमी की त्यातून मॅग्नेशियम किंवा लोह मिळवायचं म्हटलं तर सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट मीठ खावं लागेल. चवीला आवडत असेल तर वापरा. पण या मिठांमधे सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आणि घरातलं सगळंच मीठ बदललं तर रोजच्या आयोडीनचा मोठा भाग गुपचूप जातो. मोठ्या माणसाला रोज फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात २२० ते २५०, आणि त्या काळात ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. स्वित्झर्लंडने १९२२ मधे मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली, अमेरिकेत १९२४ मधे, आणि त्यानंतर डोंगराळ भागात घरोघरी दिसणारा गलगंड झपाट्याने कमी झाला. इतका साधा आणि इतका स्वस्त उपाय सार्वजनिक आरोग्यात दुसरा क्वचितच सापडेल, म्हणून मला तो सोडून देणारी माणसं बघून खरंच काळजी वाटते. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ ठेवा, प्रमाण कमी ठेवा, बरणी घट्ट बंद आणि शेगडीपासून लांब ठेवा कारण ओल, ऊन आणि उष्णतेने आयोडीन उडतं. उलट बाजूने, समुद्री शेवाळाच्या, केल्पच्या कॅप्सूल अंदाजाने घेऊ नका, त्यात आयोडीन प्रमाणाबाहेर असू शकतं आणि जास्तीनेही थायरॉईड बिघडतो.

मॅग्नेशियम बिया, दाणे, अख्खी धान्यं, डाळी, हिरव्या पालेभाज्या यात मिळतं, पहिल्या पायरीचं ताट नीट असेल तर वेगळं काही लागत नाही. झिंकचं तेच, शाकाहारी असाल तर भिजवणं-मोड आणणं जास्त मनावर घ्या. सेलेनियमसाठी ब्राझील नट खायची फॅशन आहे, तिथे जपा, एका-दोन दाण्यांतच दिवसाची गरज भागते आणि रोज मूठभर खाल्ले तर केस-नखं खराब होण्यापर्यंत जातं.

मिनरल नसलं तरी बी१२ इथेच सांगून टाकते. कुठल्याही भाजीत, कडधान्यात, पानात भरवशाचं बी१२ नाही. दूध-अंडी पण न खाणाऱ्यांनी बी१२ ची गोळी किंवा बी१२ घातलेलं अन्न घ्यायलाच हवं, याला नैसर्गिक पर्याय शोधत बसू नका, नसांचं नुकसान भरून येईलच असं नाही. डायबेटीससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासून घ्या, ते त्याने कमी होतं.

पायरी ४: वनस्पती

इथे एकच गोष्ट पक्की धरा, ज्या वनस्पतीचा गुण येतो तिचा दुष्परिणामही येऊ शकतो. "नैसर्गिक आहे, काय होणार" हे वाक्य मनातून काढून टाका. वरण-भाजीत पडणारी हळद, आलं, जिरं, पुदिना हे अन्न आहे, त्याची भीती नको. अर्क, कॅप्सूल, रोजचा कपभर दाट काढा सुरू झाला की ते औषध झालं आणि औषधासारखंच वागवायचं.

एका वेळी एकच वनस्पती. कमी प्रमाणात, दोन आठवडे, वहीत रोज एक ओळ: किती घेतलं, झोप, पोट, अंगावर काही उठलं का. मगच दुसरी.

बनवायची पद्धत पण भागानुसार बदलते. पानं-फुलं नाजूक असतात, पुदिना, तुळस, कॅमोमाईल उकळत बसायचं नाही. उकळलेलं पाणी कपात ओता, लगेच झाकण ठेवा, ५ ते १० मिनिटं थांबा. झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात त्यांचा वास घेऊन बघा, सगळा सुगंध तिथे असतो, तेच उडून जाणारं तेल, ते थेंब परत कपात झटका. मुळं, साल, खोड टणक, ज्येष्ठमध, दालचिनी, सुंठ, त्यांना मंद आचेवर १५-२० मिनिटं लागतात. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, आंबट काही घालणार असाल तर तांबं-ॲल्युमिनियम नको.

सुरुवातीला आलं आणि इसबगोल या दोन घ्या असं मी सुचवेन. मळमळीवर आल्याला अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे, पेरभर आलं ठेचून गरम पाण्यात पुरे. इसबगोल बद्धकोष्ठाला आणि थोडंफार कोलेस्टेरॉल कमी करायला चांगलं, पण मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी प्या, कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकू शकतं. चालू औषधं आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर.

हळद स्वयंपाकात रोज घाला. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला औषधी समजला जाणारा घटक, हळदीच्या पावडरीत साधारण ३ टक्केच असतं आणि नुसतं फारसं शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमधे मिरीतलं पायपरिन घालतात, शोषण वाढतं खरं, पण असल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर या कॅप्सूल नकोतच. हळद शक्य असेल तर अख्खी आणून दळून घ्या, भडक पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत.

ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून लोक आठवडेच्या आठवडे चघळतात. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपी, हृदय, किडनी यातलं काही असेल तर घेऊच नका, बाकीच्यांनी खोकल्यापुरतं दोन-चार दिवस. दालचिनीत दोन जाती ध्यानात ठेवा, स्वस्त जाड सालीच्या कॅसियात कुमारिन जास्त असतं जे रोज चमचा-चमचा खाल्लं तर लिव्हरला त्रास देऊ शकतं, पातळ थरांच्या सिलोन दालचिनीत ते नगण्य. मेथी दाणे साखर खाली आणतात, त्यामुळे डायबेटीसची औषधं चालू असतील तर साखर मोजत राहा. अश्वगंधा थायरॉईड हॉर्मोनचं प्रमाण बदलू शकते, काही जणांच्या लिव्हरवर आली आहे, गरोदरपणात नको, आणि डेन्मार्कने २०२३ मधे तिच्यावर बंदीच घातली. पोट साफ व्हायला घेतात ती सोनामुखी आठवड्याच्या वर सलग नको, आतड्याला सवय लागते.

रस पिणाऱ्यांसाठी: दुधी, काकडी, झुकिनी यांचा रस काढण्याआधी एक चकती चाखा. कडू लागली तर ती आख्खी भाजी टाका. कडवटपणा कुकरबिटॅसिन नावाच्या विषाचा असतो, त्याने रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत वेळ येते, आणि "कडू ते औषधी" म्हणून तसाच पिणं जिवावर बेतू शकतं.

पायरी ५: गोळ्या आणि पावडरी, लागल्या तर

लेबलवर आधी बघायचं ते नेमकं मिनरल किती. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे कॅल्शियम ५०० च आहे. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन फायदा नाही, शोषण कमी होत जातं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, कॅल्शियम सायट्रेट कधीही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून दोन्ही ४ तास लांब. झिंक महिनोनमहिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. मॅग्नेशियमने जुलाब लागले तर डोस जास्त होतोय.

"शंभर टक्के नैसर्गिक" या शब्दांना लेबलवर फारशी किंमत देऊ नका, बॅच नंबर, उत्पादन तारीख, स्वतंत्र लॅबची शिसं-पारा-आर्सेनिकची तपासणी आहे का ते बघा. भस्मं आणि शिलाजीत यांच्या बाबतीत तर हा रिपोर्ट नसेल तर घेऊच नका. लोहाच्या गोळ्या मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात, थोड्या गोळ्यांनीही लहान मुलाच्या जिवाला धोका होतो.

कोणी आधी विचारूनच करायचं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले, आणि रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, शुगरच्या, थायरॉईडच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. किडनीवाल्यांनी "लो सोडियम" मीठ टाळा, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नाही, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, थेंबभर पण नाही, त्यातल्या बीजाणूंनी बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर वनस्पतींची सगळी यादी डॉक्टरांना द्या, बहुतेक दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

आणि काहीही नवीन सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, अंगभर खाज सुटली, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं तर त्याच दिवशी ते थांबवा आणि डबा, वही दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा, डबा फेकून देऊ नका, त्यावरची घटकांची यादी त्यांना बघायची असते.